‘पेरू’लाही शाबासकी देणाऱ्यांना खुले पत्र

फर्दापूर,
ता. सोयगाव, जि. छत्रपती संभाजीनगर

स्पॅनिश विकणारे साहेब,

पत्राची सुरुवात ‘सप्रेम नमस्कार’ने करायची पद्धत आहे. प्रेम उरलेलं नाही, म्हणून नुसता नमस्कार. तुमच्या कंपनीचं नाव या पत्रात कुठेही येणार नाही. तुम्हाला ते माहीत आहे आणि तुमच्यासारखा धंदा करणाऱ्या इतरांनाही यातला शब्दन् शब्द लागू पडतो.

तुमच्या समुपदेशक ताईंनी पहिल्याच फोनवर विचारलं होतं, “मॅडम, फर्दापूर म्हणजे नक्की कुठे येतं?” आणि पाठोपाठ, “तिकडे स्पॅनिश कशाला लागेल?” विकायला बसलेल्या माणसाने असं विचारावं, यातच बरंच आलं. त्यांना मी थोडक्यात सांगितलं होतं, तुम्हाला नीट सांगते. अजिंठ्याची लेणी बघायला जगातून कुठूनही माणूस आला, तरी त्याची गाडी आमच्या टी-पॉइंटला थांबते. खासगी गाड्या तिथे लावायच्या आणि पुढचे चारेक किलोमीटर बसने जायचं. सोमवारी लेणी बंद असतात. तो दिवस सोडला, तर हंगामात रोज जग आमच्या दारात उतरतं. गारगोट्या, स्फटिक, माळा आणि चित्रांची पुस्तकं विकणारी आमच्याकडची पोरं पाहुण्याच्या चेहऱ्याकडे बघून ठरवतात, याला जपानीत हाक मारायची की फ्रेंचमध्ये, की ‘ओला, आमीगो’ म्हणायचं. माझ्या दोन मुलांचे बाबा लेणीवर गाइड आहेत. माद्रिद, मेक्सिको, ब्युनोस आयर्सकडची माणसं त्यांच्यासमोर उभी राहतात आणि पहिल्या क्रमांकाच्या लेण्यातल्या पद्मपाणीसमोर इंग्रजीत अडखळतात. सुमारे 50 कोटी लोकांची मातृभाषा आहे ती. आमच्या घरात स्पॅनिश शिकायची हौस तुमच्या जाहिरातीमुळे आली नाही, टी-पॉइंटवरून आली.

आता मुलांना घरी का शिकवतो, तेही सांगते, कारण तुमच्या ताईंनी तिथेच बोट ठेवलं होतं. “घरी शिकवता म्हणजे मॅडम, सगळा भार तुमच्यावर. मुलं मागे पडली तर?” साहेब, घरी शिकवणाऱ्या प्रत्येक आईच्या मनात हा प्रश्न रात्री येतोच. सासरचे विचारतात, शेजारी विचारतात. आरटीई कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. 6 ते 14 वयाच्या मुलांच्या शिक्षणाची हमी त्यात आहे, पण घरी शिकणाऱ्या मुलांबद्दल चकार शब्द नाही. मुक्त विद्यालयाची वाट आहे. दहावीला बाहेरून बसायचं तर सतरा नंबरचा फॉर्म आहे. त्या वाटेने जायचं आम्ही विचार करून ठरवलंय. आमच्या या दुखऱ्या जागेची तुमच्याकडे चिठ्ठी करून ठेवलेली दिसते, कारण त्यानंतरच्या प्रत्येक फोनवर तीच जागा दाबली गेली.

घरी शिकणं म्हणजे काहीतरी नवं, परदेशी फॅड, असा सूर तुमच्या माहितीपत्रकात आहे. तुम्हाला पंडिता रमाबाई ठाऊक असतीलच. 1858 चा जन्म. शाळेत न जाता त्या संस्कृत शिकल्या. अनंतशास्त्री डोंगऱ्यांनी आपल्या बायकोला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवलं आणि लक्ष्मीबाईंनी मुलीला. आई म्हणायची, मुलगी मागून म्हणायची, चुकलं की आई थांबवायची. तीच मुलगी पुढे कलकत्त्याच्या पंडितांसमोर उभी राहिली, तेव्हा त्यांनीच तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं. उतारवयात तिने हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणलं. एका घरात, एका बाईच्या तोंडून, दुसऱ्या एका मुलीच्या कानात भाषा गेली आणि एवढं घडलं. समोरचा माणूस ऐकत होता, म्हणून घडलं. तुम्ही नेमका तोच माणूस काढून टाकलात आणि त्याच्या जागी टाळ्या वाजवणारं चित्र बसवलंत.

नमुन्याचा तास तुम्ही छान घेतलात, हे कबूल करायला हवं. हसरी बाई, थोरलीला नावाने हाक, धाकट्याच्या खोडीवरही हसणं. पुस्तकं बाजूला ठेवून दोघंही फोनला चिकटली. “आजच्या आज भरलंत तर ही किंमत, दोनच जागा उरल्यात,” असं ताई म्हणाल्या. आमच्या हंगामातल्या एका चांगल्या महिन्याची कमाई आम्ही तुमच्याकडे भरली. आणि ती हसरी बाई त्या तासानंतर आम्हाला पुन्हा कधी दिसली नाही. त्यानंतर आधीच भरून ठेवलेले व्हिडिओ, गुणांची नाणी, रोज नवं बक्षीस, आणि आठवड्यातून एकदा ‘थेट वर्ग’. त्या थेट वर्गात सगळ्यांचे माइक बंद, आणि एकेका मुलाला एखादा शब्द म्हणण्यापुरता चालू.

त्या एका शब्दाचंही काय केलंत ते सांगते. टोमॅटोला स्पॅनिशमध्ये जे म्हणतात ते थोरलीने म्हटलं, ‘तोमाते’. आपल्या ‘ताक’मधला त, दातांना जीभ लावून. तुमच्या शिक्षकाने तिला अडवलं आणि ‘टोमाटे’ म्हणायला लावलं, इंग्रजी टकाराने. तीनदा म्हणायला लावलं. पोरीने मुकाट्याने म्हटलं. साहेब, स्पॅनिशमधला तो वर्ण दंत्यच आहे. मराठी मुलाच्या तोंडात तो आईच्या दुधापासून असतो. जे आमच्या लेकराला न शिकवता येत होतं, ते पैसे घेऊन तुम्ही बिघडवलंत. मी तेव्हा गप्प राहिले, कारण शिकवणारा तुमचा होता आणि मला स्पॅनिश येत नव्हतं. याचा राग मला सगळ्यात जास्त आहे. पालकाला भाषा येत नाही, म्हणूनच तो तुमच्याकडे येतो. न येणाऱ्या गोष्टीत तो तुमच्यावर डोळे मिटून विश्वास टाकतो आणि नेमका तिथेच तुम्ही हात आखडता घेता. शिक्षक तपासून घ्यायला पैसे लागतात, चित्रातल्या टाळ्यांना लागत नाहीत.

उच्चार तपासणाऱ्या तुमच्या यंत्राचीही गोष्ट आहे. स्पॅनिशमध्ये ‘पेर्रो’ म्हणजे कुत्रा आणि ‘पेरो’ म्हणजे ‘पण’. सगळा फरक त्या थरथरत्या र मध्ये आहे. थोरलीने मऊ र लावला, यंत्राने हिरवी खूण केली. मला शंका आली. मी फोन हातात घेतला आणि स्वच्छ मराठीत म्हटलं, “पेरू.” हिरवी खूण, शंख, टाळ्या आणि इंग्रजीत शाबासकी. धाकट्याला ऊत आला, तो ओरडला, “पोरं!” तीही हिरवी. महिनाभर मुलगी ज्या खुणा अभिमानाने बाबांना दाखवत होती, त्या सगळ्यांची किंमत तिला त्या एका संध्याकाळी कळली. तिने फोन उलटा घालून ठेवला आणि विचारलं, “मग मला खरंच किती येतं?” तुमच्याकडे उत्तर असेल तर द्या. माझ्याकडे तेव्हा नव्हतं.

उत्तर टी-पॉइंटवर मिळालं. एक कुटुंब आलं होतं, त्यांच्यात साधारण तिच्याच वयाची मुलगी. तिने आपणहून विचारलं, नाव काय तुझं? ‘कोमो ते यामास?’ हा धडा आमच्या मुलीने तुमच्याकडे संपवलेला. त्याचं सोनेरी काठाचं प्रमाणपत्र भिंतीवर आहे, त्यावर ‘स्पॅनिश वक्ता’ अशी पदवी आहे. आमची ही नुसती बघत राहिली. व्हिडिओतला आवाज संथ आणि एकसुरी, या मुलीचा भरभर आणि अर्धा वाऱ्यावर उडालेला. शब्द तेच, पण तिला ओळखू आले नाहीत. शेजारच्या पाटीवरचा पोरगा, ज्याने तुमची जाहिरातही बघितली नसेल, त्याने तिचं नाव विचारलं, आपलं सांगितलं, दगडाचा भाव सांगितला, तिच्या आईने घासाघीस केली तेव्हा तिच्याच भाषेत ‘नाही’ म्हटलं आणि शेवटी गिऱ्हाईक हसत हसत दोन दगड घेऊन गेलं. त्याचं व्याकरण चुकत असेल. त्याला लिहिता येत नसेल. पण त्याचं बोलणं समोरच्या माणसापर्यंत पोचलं. माझ्या मुलीला बर्फ, भुयारी रेल्वे आणि पेंग्विन यांना काय म्हणतात ते येत होतं. दगड, नदी आणि लेणं यांना काय म्हणतात, ते तुमच्या वर्षभराच्या धड्यांत कुठेच नव्हतं. आमच्या घराभोवती जे आहे, त्यातलं एकही नाव तुम्ही तिला दिलं नाहीत.

आणि हे सगळं इंग्रजीतून. माझ्या मुलांचं घर मराठी, खेळ मराठी, भांडण मराठी. तुम्ही त्यांना स्पॅनिशला न्यायला आधी इंग्रजीच्या फाटकातून आत घेता. आता जी शिक्षिका मुलांना मिळाली आहे, ती पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये स्पॅनिश शिकलेली आणि मराठी बोलणारी. तिने पहिल्याच तासाला धाकट्याला विचारलं, “तुला काय आवडतं?” तो म्हणाला, “मला आंबा आवडतो.” ती म्हणाली, “मे गुस्ता एल मांगो. झालं, तसंच म्हणायचं.” मग आंबे अनेक झाले, तर मराठीत ‘आवडतात’ होतं तसं तिकडे ‘गुस्तान’ होतं. इंग्रजीतून आलेल्या मुलाला इथे वाक्य उलटं करून समजावावं लागतं, कारण इंग्रजीत ज्याला आवडतं तो माणूस कर्ता असतो. मराठी आठ वर्षांच्या पोराला समजावायलाच लागलं नाही. मराठीत आपण पुस्तक शोधतो पण भावाला शोधतो. स्पॅनिशमध्येही माणूस आला की असाच एक शब्द त्याच्याआधी लागतो, पुस्तकाला लागत नाही. खुर्ची तिकडेही स्त्रीलिंगी. थोरामोठ्यांशी बोलताना वेगळं, सवंगड्याशी वेगळं, हे तर आमच्या मुलांना अंगणातच कळलेलं असतं. या जवळिकीचा तुम्ही काहीच उपयोग केला नाहीत, कारण अमेरिकेतल्या मुलांसाठी लिहिलेले धडे तुम्ही जसेच्या तसे आणून आम्हाला विकले. वर ‘भारतीय मुलांसाठी खास’ असा शिक्का मारला. खास काय होतं? तर टाळ्या वाजवणाऱ्या चित्राच्या डोक्यावर फेटा होता.

पैशाचंही बोलू या. वर्ष संपलं, मी पुढे नको म्हणून कळवलं, तरी खात्यातून हप्ता गेला. बंद करायचं बटण शोधून शोधून सापडलं, तर त्यावर लिहिलेलं, “नको, माझ्या मुलांचं भविष्य मला महत्त्वाचं वाटत नाही.” ते वाक्य मला स्वतःच्या बोटाने दाबावं लागलं. ज्याने हे वाक्य लिहिलं, त्याला मुलं असतील तर त्याने ते आपल्या बायकोला वाचून दाखवावं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 ला अशा फसव्या रचनांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. त्यांत 13 प्रकार दिले आहेत. ‘दोनच जागा उरल्यात’ ही खोटी घाई त्यांत आहे, वर्गणीचा सापळा आहे, लाज वाटायला लावून थांबवून धरणंही आहे. तुम्ही तिन्ही केलंत. शिक्षण मंत्रालयानेही डिसेंबर 2021 मध्येच पालकांना सावध केलं होतं, की फुकट म्हणून दाखवलेल्या गोष्टीमागचं वाचा आणि खात्यातून आपोआप पैसे कापायची परवानगी देऊ नका. हे सगळं मला नंतर वाचून कळलं. तुमच्या कायदा विभागाला आधीपासून माहीत असणार. घरी शिकवणाऱ्या ज्या आया हे पत्र वाचतील त्यांच्यासाठी ग्राहक हेल्पलाइनचा नंबर इथे लिहून ठेवते, 1915.

तुम्ही म्हणाल, ऑनलाइन म्हटल्यावर एवढं चालायचंच. नाही चालायचं. आमच्याच जिल्ह्यात, शहरापासून पंचवीसेक किलोमीटरवर, गाडिवाट नावाचं गाव आहे. तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेने 2019 मध्ये मुलांना विचारलं, कोणती परदेशी भाषा शिकायची? मुलांना यंत्रमानवांचं वेड, त्यांनी जपानी निवडली. पुढच्या वर्षी टाळेबंदी आली, तेव्हा शहरातल्या एका जपानीच्या जाणकारांनी एक पैसा न घेता त्यांना ऑनलाइन शिकवलं. ज्यांच्या घरी फोन नव्हता त्यांना ‘विषयमित्र’ झालेली मुलं आपण शिकलेलं जाऊन शिकवायची. तोच फोन, तीच अधूनमधून जाणारी रेंज, तीच गेलेली लाइट. तुमच्यापेक्षा साधनं कमीच होती. पण पलीकडे मुलांचं ऐकणारा माणूस होता. जिल्हा परिषदेच्या शाळेला जे फुकटात जमलं, ते तुम्हाला आमची महिन्याची कमाई घेऊनही जमलं नाही, कारण तुम्ही ते करायलाच बसला नव्हता.

2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात माध्यमिक टप्प्यावर शिकवायच्या परदेशी भाषांत स्पॅनिशचं नाव आहे. तुमच्या जाहिरातीत ते ठळक छापलंय. म्हणजे आता तुम्ही घरी शिकणाऱ्या मुलांवर थांबणार नाही, शाळांच्या दारात जाल. म्हणूनच हे पत्र खासगीत न लिहिता उघड लिहिते आहे.

जे पालक आत्ता निवड करायला बसले आहेत, त्यांनी तुम्हाला काय विचारावं ते तुमच्या देखतच सांगते. शिकवणारा माणूस कोण, त्याने ही भाषा कुठे शिकली, आणि नमुन्याच्या तासाला जो दिसला तोच वर्षभर राहणार का, हे लेखी मागावं. वर्गात मुलं किती, आणि त्यांतलं एक मूल स्वतः किती मिनिटं बोलतं, हे विचारावं. मला विचाराल तर बाकी सगळे प्रश्न सोडले तरी चालतील, हा सोडू नये. अभ्यासक्रम युरोपात ठरलेल्या ए1, ए2 या पायऱ्यांना धरून आहे का, की ‘तीन महिन्यांत अस्खलित’ एवढंच आहे? 11 ते 17 वर्षांच्या मुलांसाठी इन्स्टिट्यूतो सेर्व्हान्तेसची डेले परीक्षा वेगळी असते, आणि त्या संस्थेचं केंद्र दिल्लीत आहे. मुलाला प्रमाणपत्र हवंच असेल तर ते तिथलं असावं, सोनेरी काठाचं नव्हे. स्पेनची स्पॅनिश शिकवणार की लॅटिन अमेरिकेची, हेही विचारावं. बटाट्याला माद्रिदमध्ये ‘पाताता’ म्हणतात आणि मेक्सिकोत ‘पापा’. दोन्ही बरोबर, पण शिकवणाऱ्याला कुठलं शिकवतोय ते ठाऊक हवं. आणि वेळ. फर्दापुरात संध्याकाळचे सहा वाजतात, तेव्हा उन्हाळ्यात माद्रिदमध्ये दुपारचे अडीच असतात. म्हणजे मुलांना तिकडच्या माणसाशी जागेपणी बोलता येतं. तुमच्यासारख्या कंपनीने एवढी एक सोय केली असती, आठवड्यातून अर्धा तास तिकडच्या एखाद्या मुलाशी नुसत्या गप्पा, तरी मी हे पत्र लिहिलं नसतं.

आता आमचं बरं चाललंय. शिक्षिका आठवड्यातून दोनदा दोघांनाही समोर बसवते, फोनवरच. पाऊण तासातला बराचसा वेळ मुलंच बोलतात. ‘तोमाते’चा त परत आणायला तिला काही दिवस लागले. दर तासाला ती घरातल्या, गल्लीतल्या वस्तू मागते. मुलं जाऊन आणतात आणि नाव विचारतात. दगडाचं नाव मुलांना पहिल्याच आठवड्यात मिळालं, ‘पिएद्रा’. रविवारी बाबांबरोबर टी-पॉइंटला जाऊन शेजारच्या पाटीवरच्या त्या पोराला थोरली व्याकरण सांगते आणि तो तिला बोलायचं कसं ते सांगतो. स्पॅनिश येते असं मी म्हणणार नाही. येऊ लागली आहे.

तुमच्याकडून मला चार गोष्टी हव्यात. वर्ष संपल्यावर कापलेला हप्ता परत करा. माझ्या दोन्ही मुलांचे जे आवाज तुमच्या यंत्रात साठवलेत, ते पुसून टाका आणि पुसल्याचं लेखी कळवा. 18 वर्षांखालच्या मुलांची अशी माहिती वापरायची तर पालकांची खातरजमा करता येईल अशी संमती घ्या, असं 2023 चा कायदा सांगतो, आणि मी ती दिलेली नाही. तिसरं, ज्या शिक्षकाने माझ्या मुलीचा बरोबर उच्चार चुकीचा ठरवला त्याला नोकरीवरून काढू नका. त्याला भाषा शिकायला पाठवा, तुमच्या खर्चाने. आणि चौथं, तुमच्या थेट वर्गात एक मूल आठवड्याला सरासरी किती मिनिटं स्वतःच्या तोंडाने स्पॅनिश बोलतं, तो आकडा जाहिरातीत किमतीच्या शेजारी, किमतीएवढ्याच अक्षरात छापा.

उत्तराची वाट बघते आहे. फोन करू नका, लेखी पाठवा.

कळावे,
घरी शिकवणारी एक आई